मदत हवी आहे: कुटच्या वेढ्यातले पणजोबा

नमस्कार मंडळी. गाव सातारा तालुक्यात. जुनं घर उतरवताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांचं पहिल्या महायुद्धाचं चांदीचं मेडल सापडलं. कडेवर इंग्रजीत नंबर, नाव आणि ११७ मराठा पलटण कोरलंय; नंबरातला शेवटचा आकडा झिजलाय. ही पलटण मेसोपोटेमियात (आजचा इराक) कुट गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. आजी सांगायची, मामंजी बसऱ्याच्या खजुराबद्दल भरभरून बोलायचे, लढाईबद्दल चकार शब्द नाही.

ते तुर्कांच्या कैदेत होते की आधीच जखमी होऊन परतले, हे कुठे कळेल? मृतांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर मिळतात, जिवंत परतलेल्यांचं काय? बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला कुणी विचारणा केलीय का?

मेडल घासू नका हे सांगू नका, चुलत्यांनी आधीच चिंचेनं लख्ख केलंय.