जुन्या डिझेलचे हीटर प्लग सरसकट बदलावेत की आधी तपासावेत?

थंडगार_इंजिन (धागाकर्ता)
गाडी २० वर्षांची, चार सिलिंडरचं प्री-चेंबरवालं (डिझेल आधी सिलिंडरलगतच्या छोट्या कप्प्यात फवारणारं) साधं डिझेल. पहाटे १५-२० सेकंद सेल्फ मारावा लागतो, मग तीनच सिलिंडरवर असल्यासारखी थडथडत उठते आणि पांढरा धूर ओकते. शिवाय आतला हीटर अर्ध्या तासानंतरही कोमटच.
माझं मत असं की एवढ्या जुन्या गाडीत तपासत बसू नये. चारही हीटर प्लग आणि थर्मोस्टॅट (कूलंट, म्हणजे इंजिनचं पाणी, तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारी झडप) एकदम बदलावेत, विषय संपला. दुखणी दोन्ही थंडीचीच, मूळही एकच असणार.
(थंड इंजिन उठवताना आतली हवा तापवणाऱ्या ग्लो प्लगलाच गॅरेजात हीटर प्लग म्हणतात. केबिनच्या हीटरशी गल्लत नको, माझी दोनदा झाली आहे.)

टेस्टलॅम्प
मूळ एकच कसं? रात्रभर उभी गाडी पहाटे गारच असते. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय की बंद, त्याने तेव्हा काय फरक पडतो?
डिझेलला स्पार्क नसतो, हवा दाबूनच तापवायची. थंडीत ती उष्णता लोखंड पिऊन टाकतं. प्री-चेंबरमध्ये तर पृष्ठभाग जास्त, म्हणून हवा २१-२३ पट दाबली तरी प्लग लागतातच. थेट सिलिंडरमध्ये फवारणारी इंजिनं सौम्य थंडीत त्यांच्याशिवायही उठतात.
आता तपासणी. प्लगांना जोडणारी पट्टी सोडवा, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक एकेका प्लगवर टेकवा. पेटला नाही तर तो प्लग मेला. पट्टी परत लावून चावी फिरवा, तिथे व्होल्टेज येतंय का बघा. नसेल तर रिले (प्लगांना वीज सोडणारा स्विच) किंवा मोठा फ्यूज गेलाय, आणि तुमचे चार नवे प्लग त्या मेलेल्या रिलेपुढे शोभेला बसतील.

पाना_१०_१२
लॅम्पवर एवढी श्रद्धा ठेवू नका. लॅम्प पेटला म्हणजे आतली तार तुटलेली नाही, इतकंच कळतं. टोक लाल होतंय का हे कळत नाही. दोन गेले असतील तर बाकीचे दोन त्याच वयाचे, ते काय अमरपट्टा घेऊन आलेत? मी धागाकर्त्याच्या बाजूने. एकदा हात घातला की चारही बदला.

टेस्टलॅम्प
आणि काढताना एखादा हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) तुटला तर? २० वर्षं काजळीत रुतलेला प्लग पाना लावला की सरळ बाहेर येतो, असं नसतं. तुटलेलं टोक काढायला कधीकधी हेडच उतरवावं लागतं. चांगला प्लग उगाच का छेडायचा?

पाना_१०_१२
इंजिन गरम असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून, अर्धा आटा पुढे अर्धा मागे करत काढायचा. जोर लावणाऱ्यांचेच तुटतात.

काळा_धूर
प्लगवरून भांडताय, पण धुराचं कोणी विचारलंच नाही. पांढरा धूर सेल्फ मारतानाच येतो, की गाडी उठल्यावर? सेल्फ मारताना येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, तेव्हा प्लग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जातेय का) बघा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. लाइन एअर पकडतेय.
जुन्या गाडीत नोझलवरचे, उरलेलं डिझेल परत नेणारे रिटर्न पाइप कडक होऊन चिरतात, फिल्टरचं रबर बसतं. रात्रीतून डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी पंप हवा गिळतो. एक रात्र नाक उताराकडे करून उभी करा. सकाळी चटकन उठली तर उत्तर मिळालं.

झटपट
एवढा अभ्यास कशाला? स्टार्टिंग स्प्रे मारा आणि निघा. मी वर्षानुवर्षं मारतोय.

काळा_धूर
अहो, हीटर प्लगवाल्या इंजिनात नको! तापलेल्या प्लगवर स्प्रेमधलं ईथर वेळेआधीच पेटतं, आणि रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. तुमचे प्लग बहुधा कधीच मेलेत, म्हणून वाचलात.

जुनी_पण_माझी
केबिन हीटरबद्दल कोणीच बोलेना. इंजिन तापल्यावर फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) जाणाऱ्या हीटरच्या दोन्ही पाइपांना जपून हात लावा. दोन्ही गरम असतील तर आतला फ्लॅप अडकलाय. एक गरम, एक गार असेल तर हीटरची जाळी तुंबलीय किंवा हवा अडकलीय. दोन्ही कोमट आणि तापमानाचा काटाही खालीच असेल, तर थर्मोस्टॅट.
मूळ एकच असण्याची एक शक्यता मात्र आहे, टेस्टलॅम्प. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची पातळ सील. कॉम्प्रेशन गळतं म्हणून सकाळी उठत नाही, कूलंट घटतं म्हणून हीटर गार. डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज येतो का? कूलंटच्या टाकीतली पातळी उतरते का?

थंडगार_इंजिन
चार दिवसांनी आलो. पातळी स्थिर, आवाज नाही, म्हणजे गॅस्केटचा संशय मिटला. दोन्ही पाइप कोमट, काटा खाली, आणि गाडी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा पाइप गरम व्हायला लागतो, म्हणजे थर्मोस्टॅट उघडाच. हे मी न तपासता सांगितलं होतं, नोंद घ्यावी.
सेल्फ मारताना मात्र पहिले दहा सेकंद धुराचा पत्ता नाही. नाक उताराकडे करून ठेवली तर तीन सेकंदांत उठली, थडथडली मात्र तशीच. रिटर्न पाइप हाताने वाकवला तर चिरला. लॅम्पवर प्लग एकच मेलेला.

टेस्टलॅम्प
एकच! चार बदलणार होतात.

पाना_१०_१२
बाकीच्या तिघांचं टोक लाल होतं का, ते बाहेर काढून कोणी पाहिलंय?

थंडगार_इंजिन
मेलेला काढताना अर्ध्या आट्यावर अडकलाय. तेल मारून ठेवलंय. उद्या इंजिन तापवून बघतो, मग बाकीच्या तिघांचं ठरवू.