घराबाहेरचा कॅमेरा पाण्यावर रोखा, घरट्यावर नको

परसातली_चिंच:
कोकणातल्या घरामागे पक्षी टिपायला, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावतोय. माझं मत ठाम आहे: तो पाण्याच्या पसरट भांड्यावर असावा, घरट्यावर नको. शिंजीर हा इवलासा पक्षी पडवीतल्या वायरलासुद्धा घरटं लटकवतो. तिथे स्टँड उभा केला, बॅटरी बदलायला ये-जा सुरू झाली, की कावळ्याला आयता पत्ता मिळतो. पाण्यावर आलेलं पाखरू बुजलं तर उडून जाईल, पुन्हा येईल. अंड्यांवर बसलेल्या मादीला ती सोय नाही.

दयाळवेडा:
नाही पटलं. खोट कॅमेऱ्यात नाही, तो उशिरा लावण्यात आहे. दयाळ पक्षी ढोलीत घरटं करतो, लाकडी पेटीही स्वीकारतो. विणीच्या आधी, जानेवारीतच झाकणाला आतून छोटा कॅमेरा बसवा, वायर घरात घ्या. मग पिल्लं उडेपर्यंत पेटीला हात नाही. अमेरिकेत कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेने मैदानाच्या दिव्याच्या खांबावरचं रेड-टेल्ड हॉक या शिकारी पक्ष्याचं घरटं २०१२ पासून थेट दाखवलं. अंडं फुटताना पाहिलेलं पोर पुढे घरट्यावर दगड मारेल का?

परसातली_चिंच:
पेटीचं मान्य. पण आपल्याकडे घरटं दिसल्यावर कॅमेरा खरेदी होतो, दुःख त्याचं आहे. बुलबुलाच्या उघड्या वाटीसमोर तुमची पद्धत चालत नाही.

रातवा:
पाण्याच्या बाजूने माझं मत, पण जागा नीट निवडा. या कॅमेऱ्याचा सेन्सर हलणारी उष्णता टिपतो. एप्रिलच्या दुपारी मागची भिंतच अंगाइतकी तापली की समोरचा पक्षी त्याला कळत नाही, आणि उन्हात हलणाऱ्या केळीच्या पानांचे मात्र ढीगभर रिकामे फोटो येतात. तोंड उत्तरेला, सावलीत, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. रात्री उदमांजर यावं असं वाटत असेल तर ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकणारा कॅमेरा घ्या. ८५० चा पल्ला जास्त, पण त्याचा लाल ठिपका दिसतो. पांढरा झोत कृपा करून नको. पावसाआधी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बदला, मुंग्या आत शिरतात तेही बघा.

शेजारीण_आळीतली:
पक्ष्यांची एवढी काळजी, माणसांची कोणी करेल का? मागच्या दारी बायका धुणं घालतात, बोलत बसतात. चौकटीत दुसऱ्याचं अंगण आणि आवाज दोन्ही येतात. आधी शेजारी जाऊन विचारा, मगच खिळा ठोका.

दयाळवेडा:
आवाज बंद करता येतो की. आणि आपल्या हद्दीत परवानगी कशाला?

शेजारीण_आळीतली:
हद्द जमिनीला असते, भिंगाला नसते. बंद केलाय की नाही हे मला कुंपणापलीकडून कसं कळणार?

परसातली_चिंच:
ताई, बरोबर आहे तुमचं. भांडं विहिरीच्या बाजूला हलवतो, तिथे समोर फक्त गडगा आणि रान. आवाज बंद, आणि चौकट तुम्ही येऊन पाहा. रात्री बिबट्या दिसलाच तर थेट प्रक्षेपण नाही, गावाचं नाव नाही. वनखात्याच्या १९२६ वर फोन, एवढंच.