मदत हवी आहे: भूगोल मेजर बंद करतायत, सोमवारी सीडीसी (महाविद्यालय विकास समिती)

नकाशावाली: आज दुपारी प्राचार्यांनी आयडीपीचा (संस्था विकास आराखड्याचा) मसुदा हातात दिला. पुढच्या जूनपासून भूगोल मेजर (मुख्य विषय) बंद, फक्त मायनर (दुय्यम विषय). आमच्या दोन खोल्यांत बीसीएची लॅब. कारण एका ओळीत, 'अल्प प्रवेश व निधीची मर्यादा'. सोमवारच्या सीडीसीआधी मला दोन पानी टिपण द्यायचंय. कुणाकडे नमुना असेल तर लगेच टाका, वेळ नाही.

धरण: अनुदानित की विनाअनुदानित? दोन्हींचं उत्तर वेगळं.

तासिका११: मेजर गेलं की आधी सीएचबीवाल्यांवर (तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर) येतं, त्यांचं कुणी बोलत नाही. माझं मानधन मार्चपासून अडकलंय. सहसंचालक कार्यालयात कुणाला भेटायचं?

धरण: त्याचा वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

नकाशावाली: अनुदानितच, साधं तालुक्याचं कॉलेज. नमुना आहे का?

धरण: मंजूर पदं किती, भरलेली किती, मुलं किती, आठवड्याचे तास किती? हे कळल्याशिवाय नमुना कसला देणार?

नकाशावाली: पदं तीन. एक तीन वर्षं रिकामं. दुसरे सर मे महिन्यात निवृत्त होतायत. मग मी एकटी. पहिल्या वर्षाला ९ मुलं, दुसऱ्याला १४, तिसऱ्याला ११.

धरण: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं मॅडम. मग मुद्दा निधीचा नाहीच. तुमचा पगार शासन देतं, मेजर बंद करून संस्थेचा पगारावरचा पैसा वाचत नाही. उलट बीसीए विनाअनुदानित असणार, म्हणजे शिक्षक, संगणक सगळं संस्थेच्या खिशातून. हेच पहिलं वाक्य करा. खाली कार्यभाराचा तक्ता. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास लागतात. मेजर गेलं की तेवढे भरत नाहीत, मग पद अतिरिक्त ठरतं आणि गेलेलं पद परत येत नाही.

पुढचंपाऊल: ९ मुलांसाठी विभाग चालवायचा का, हाही प्रश्न विचारा. आम्ही २०१९ ला बीसीए काढलं, त्या फीमधून ग्रंथालयाचं छप्पर झालं.

धरण: २०१९ ची गोष्ट वेगळी. २०२४-२५ पासून बीसीए एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेखाली आलं, राज्यात सीईटी लागली. त्या वर्षी पुन्हा जादा सीईटी घेऊनही जागा रिकाम्या राहिल्या. खेड्यातल्या मुलाला सीईटीचा फॉर्म भरायचाय हेच वेळेत कळत नाही.

पुढचंपाऊल: मग बीएस्सी कॉम्प्युटर काढा. पण काहीतरी नवं काढावंच लागेल.

मुक्ताईनगरकर: मुलीला बारावीला भूगोलात ८८ आहेत. बीए करावं की बीएस्सी?

शिस्तप्रिय: यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून घेता येतात. एक शिक्षक पुरेल.

नकाशावाली: प्लेन टेबल (मोजणीचा फळा) मैदानात कोण लावणार? एकानं पट्टी धरायची, दुसऱ्यानं रेघ मारायची, तिसऱ्यानं काठी घेऊन बांधावर उभं राहायचं. माझी मुलं ते शिकूनच मोजणीदारांच्या हाताखाली कामाला लागली आहेत.

सातपुडा: हेच टिपणात लिहा ताई! आणि जीआयएसचा (संगणकावरच्या नकाशांचा) व्हीएससी म्हणजे व्यावसायिक कौशल्य कोर्स घ्या, त्याचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालतं. आम्ही एका गावातल्या विहिरी मोबाईलच्या जीपीएसवर टिपल्या. दोरीला हातभर अंतरावर गाठी मारून, खाली दगड बांधून पाणी मोजलं. नकाशा ग्रामसभेत भिंतीला लावला. त्या जूनला त्याच गावातून चार मुली भूगोलाला आल्या.

पुढचंपाऊल: चार मुलींवर विभाग टिकत नाही.

सातपुडा: ९ चे १३ होतात की! तालुक्यात दुसरीकडे भूगोल मेजर आहे का, तेही तपासा. या मुली एसटीनं जिल्ह्याला जाणार नाहीत, घरीच बसतील.

धरण: अजून दोन गोष्टी. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यापीठाचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा असतो, नवा कोर्स त्यात बसतो का ते विचारा. आणि सीडीसीत शिक्षकांतून निवडून आलेले तीन प्रतिनिधी असतात. त्यांना बैठकीआधी भेटलात का?

नकाशावाली: नाही. त्यातल्या मॅडम माझ्या शेजारीच राहतात, आज रात्री जाते. तक्ता भरून पाहिला. प्रात्यक्षिकाच्या बॅचेस आणि कॉमर्सच्या मुलांचं ओपन इलेक्टिव्ह धरून ३४ तास होतात. तालुक्यात दुसरीकडे भूगोल मेजर नाही.

धरण: ३४ म्हणजे दोन पूर्ण पदं. निवृत्त होणाऱ्या सरांच्या जागेची मागणी याच टिपणात घाला. तक्ता इथे टाका, रात्री बघून देतो.