'बुखारा'त सहा जणांची ऑर्डर: किती, कशी आणि बिलाचं काय?

कोथिंबीर_जुडी:
आईबाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिल्लीत आयटीसी मौर्यमधल्या 'बुखारा'त जायचं ठरतंय. सहा जण आहोत. दोघं शाकाहारी, त्यात मावशी कांदा-लसूण खात नाही. बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे. किती मागवायचं, कुठल्या क्रमाने? आणि बिलात वरून काय काय लागतं?

निखारा:
मेन्यू छोटा आहे आणि बहुतेक सगळा तंदूरचा. रश्श्याचे पदार्थ शोधू नका, ओलं म्हणून डाळ बुखारा. सहा जणांना एक सिकंदरी रान (मटणाची अख्खी तंगडी), एक मुर्ग मलाई कबाब, एक पनीर टिक्का, एक तंदूरी आलू, दोन डाळी आणि एक नान बुखारा. हा नान टेबल व्यापतो, सगळे मिळून तोडून खातात. माणशी एकेक नान सांगून बसलात तर निम्मे टोपलीत चामट होतील. कमी पडलं तर मागून खस्ता रोटी घ्या.

हमखास चूक म्हणजे सगळी ऑर्डर एका दमात देणं. मलाई कबाबावर चीज आणि सायीचा लेप असतो. गरम असेतो लुसलुशीत, गार झाला की थिजतो. रानाची चरबी तर टाळूला चिकटते. आधी फक्त मलाई कबाब, पनीर आणि आलू. ताटल्या रिकाम्या व्हायला आल्या की रान, शेवटी डाळ-नान. वेटरला सुरुवातीलाच सांगायचं, "रान मी सांगेन तेव्हा लावा."

डाळीत अख्खे उडीद, टोमॅटो, आलं-लसूण, लोणी आणि साय. राजमा नाही. रात्रभर तंदूरच्या निखाऱ्यांवर शिजते म्हणून ती मिळून येते. चवीला हलकी वाटते, पोटाला अजिबात नाही. भाताबरोबर ओरपायची ही डाळ नव्हे.

दोडका:
टेबल बुक करतानाच मावशींचं सांगा. डाळीतला लसूण आदल्या रात्रीच पडलेला असतो आणि पनीरही आधीच मसाल्यात मुरत ठेवलेलं असतं. आयत्या वेळी कोणी काही करू शकत नाही. आणि "जैन" हा शब्द वापरू नका, बटाटाही जाईल. "कांदा-लसूण नको, बटाटा चालेल" असं म्हणा.

तिथली बैठक बुटक्या स्टुलांची आहे. बाबांसाठी पाठ टेकता येईल अशी जागा आहे का, तेही फोनवरच विचारा. खायचं हाताने, गळ्यात चौकड्यांचा एप्रन बांधून. काटे-चमचे मागितले तर देतात.

हिशेबनीस:
ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेलंय, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी. रस्त्यावरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के, मग ते कितीही महाग असो. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट. ती ओळ वेगळी येते.

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ ची आहेत, दिल्ली उच्च न्यायालयाने ती २८ मार्च २०२५ ला उचलून धरली. लावलाच कोणी, तर त्याच्यावरही जीएसटी बसतो. १०,००० च्या जेवणावर नुसता १८ टक्के धरला तर ११,८००. आधी १० टक्के चार्ज चढवला तर १२,९८०. कार्ड देण्याआधी काढायला सांगा. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. टीप द्यायची ती रोख, वेटरच्या हातात.

पाण्याचंही बघा. बसताक्षणी "मिनरल?" असं विचारतात, मान हलवली की बाटल्या सुरू. साधं फिल्टरचं मागा.

कोथिंबीर_जुडी:
दिल्लीचं तिकीट जमलं नाही तर मुंबईत काही?

निखारा:
अंधेरी-सहारला आयटीसी मराठामधलं 'पेशावरी'. घराणं तेच, रान आणि डाळ बुखारा तिथेही मिळते. ऑर्डरचा क्रम हाच ठेवा.