शांत घर म्हणजे रिकामं घर का? नागपूरच्या प्लॉटचा प्रश्न

आर्वीची_लेक
आमचं गाव आर्वी तालुक्यात. पोरींच्या शिक्षणासाठी नागपुरात भर रस्त्यावर हजार फुटांच्या प्लॉटवर घर बांधतोय. अर्ध्या रात्रीपर्यंत ट्रक आणि हॉर्न. म्हणून आत पांढऱ्या भिंती, कोटा फरशी, एक दिवाण, बस्स. घरचे म्हणतात, हे परदेशी खूळ आहे. मला नाही पटत. आजीच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, एक बंगई (झोपाळा) आणि कोपऱ्यात माठ एवढंच असायचं. सारवलेल्या भुईवर पडलं की डोळा लागायचा. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. तिथली बापू कुटी पाहा, मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. आत गेलं की माझ्या पोरीसुद्धा हळू बोलतात.

कपाशीवाली
ताई, सपरी मोकळी होती ते मांगं कोठा (गोठा) होता म्हणून. धान्याचा ढोला, निंदणाचा डवरा, फवारणीचा पंप सारं तिकडं. नागपुरात कोठा कुठून आणसान? मागच्या उन्हाळ्यात भाव वाढायची वाट पाहत आमचा सारा कापूस बैठकीत होता, पार छतापर्यंत. पोरं त्याला टेकून अभ्यास करत, अंगाला खाज सुटायची. पण घर भरलेलं होतं तवर मले झोप लागे. रिकामी भिंत पाहिली की पोटात गोळा येते. अन् सासू-सासरे तुरीचं पोतं घेऊन आले तर ठेवसान कुठं? दिवाणावर?

मिस्त्री_दारव्हा
रिकामी खोली शांत नसते, घुमते. फरशी आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. भिंतीला कापसाची गादी उभी करून टाळी वाजवा, फरक कळेल. रस्त्याचा आवाज मात्र गादीनं थांबत नाही. त्याला जाड भिंत लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. आता खरी अडचण ऐका. खिडक्या बंद केल्या तर कूलरची हवा जाईल कुठून? मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, खोली दमट होऊन अंग चिकचिक करतं. रस्त्याकडची भिंत बंद ठेवा, मधे अंगण काढा आणि खिडक्या तिकडं उघडा.

दिग्रसकर
मी आर्किटेक्चर शिकतो. जपानी आर्किटेक्ट तादाओ आंदो यांनी १९७६ मध्ये जपानच्या ओसाकात, दाटीच्या वस्तीत, असंच घर बांधलं. काँक्रीटचे तीन सारखे भाग, मधला आभाळाला उघडा, रस्त्याकडं एकही खिडकी नाही. पण झोपायच्या खोलीतून न्हाणीघरात जायचं तर पावसात छत्री लागते. आपल्या जुलैत पोरींच्या आजीला हे जमेल का?

आर्वीची_लेक
अंगणाला एका कडेनं पत्र्याची पडवी काढीन, म्हणजे आजी भिजणार नाही. कपाशीवाली ताई, कोठ्याचं तुमचं खरं आहे. स्वयंपाकघरामागं सहा बाय आठची कोठी काढते. पण बैठकीत शोकेस नाही म्हणजे नाही.

कपाशीवाली
शोकेस नका करू, पण मले अजूनही ते घर सुनंच वाटते. अंगण, पडवी, कोठी सारं काढल्यावर हजार फुटांत पोरींची खोली बसते का, ते पयले मोजा. अन् कोठीचं दार रुंद ठेवा. पोतं खांद्यावर घेतलेला माणूस आडवा न होता आत गेला पाहिजे.