'लेडी बी गुड'ला मिळालेलं ३३० अंशांचं बेअरिंग चुकीचं होतं का?

रानपाखरू (प्रश्न):
४ एप्रिल १९४३ला लिबियातल्या सोलुक तळावरून नेपल्स बंदरावर हल्ल्यासाठी गेलेलं 'लेडी बी गुड' हे बी-२४डी लिबरेटर परतलंच नाही. वैमानिक हॅटन आणि आठ सहकारी, या चमूची ही पहिलीच मोहीम. रात्री १२:१२ला हॅटननं एडीएफ (रेडिओवरून आपोआप दिशा दाखवणारं यंत्र) चालत नसल्याचं कळवून सोलुकजवळच्या बेनिना रेडिओ केंद्राकडे दिशा मागितली. '३३० अंश' असं बेअरिंग मिळालं, म्हणजे विमान केंद्राच्या वायव्येला (हा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजतात). पुढं विमान सापडलं ते सोलुकपासून ७०० किमी आग्नेयेला, वाळवंटात. मग बेनिनाच्या ऑपरेटरनंच घोळ केला ना?

ध्रुवमत्स्य:
रेषा अचूक होती, बाजू उलटी निघाली. बेनिनाच्या ऑपरेटरनं लूप अँटेना (तारेच्या वेढ्याची अँटेना) फिरवत नेली की सिग्नल एका जागी एकदम पडतो. तीच दिशा वाचायची. पण पूर्ण फेऱ्यात असा पडाव दोनदा येतो, बरोबर १८० अंशांच्या फरकानं. घरच्या मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी लावून तो आडवा फिरवा, हेच ऐकू येईल. दोनांतली खरी बाजू ठरवायला लूपच्या जोडीला एक उभी अँटेना लागते. दोन्हींचे सिग्नल एकत्र केले की एका बाजूचाच पडाव उरतो. ती सोय नसेल तर ऑपरेटर संभाव्य बाजू धरतो. नेपल्स बेनिनाच्या वायव्येला, म्हणून ३३० धरलं गेलं. खरी बाजू १५० होती.

हिशेब करून बघा. ७:५०च्या सुमाराला विमान नेपल्सजवळ होतं. तिथून बेनिना सरळ रेषेत साधारण ११०० किमी. ताशी ३०० किमी धरले तर १२:१२पर्यंत १३०० किमी होतात. उलटीकडून मोजा: पहाटे दोनच्या सुमाराला चमूनं पॅराशूटनं उड्या मारल्या, म्हणजे संदेशानंतर पावणेदोन तास, सव्वापाचशे किमी. तेवढे त्या ७०० किमीतून वजा करा. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं: संदेश दिला तेव्हा विमान किनारा ओलांडून दीड-दोनशे किमी आत गेलेलं होतं. ३३० ऐकून चमूला वाटलं, तळ अजून पुढं आहे.

वाळूचे_कण:
वरच्यात भर. बाजूची शंका उडतानाच फेडता येते. मार्ग सोडून काही मिनिटं काटकोनात जायचं आणि दुसरं बेअरिंग मागायचं. समजा पूर्वेला वळलात. तळाच्या वायव्येला असाल तर ३३०चं ३३५ होईल. आग्नेयेला असाल तर खरा कोन १५०वरून १४५वर येतो, म्हणजे ऑपरेटर ३२५ वाचेल. आकडा वाढला की घटला, एवढ्यावर निकाल लागतो. पण हे सुचायला आधी शंका यावी लागते, आणि ३३० हे तर अपेक्षित उत्तर होतं. त्यात अमावस्येची रात्र. अशा अंधारात वाळवंट आणि समुद्र यांत फरक दिसत नाही. सोलुकहून उडवलेले फ्लेअरही (खुणेचे प्रकाशगोळेही) त्यांना दिसले नाहीत.

रानपाखरू:
पटलं. पण उतरल्यावर ते विमानाकडे का गेले नाहीत? त्यात पाणी होतं म्हणतात.

वाळूचे_कण:
विमान धड उतरलंय हे त्यांना कळणार कसं? त्यांनी उड्या मारल्यावर विमान आणखी २५ किमी पुढं, दक्षिणेकडे, सपाट जमिनीवर पोटावर घसरत थांबलं. पंखांमागे मोडलं, पण पाणी, अन्न आणि चालू रेडिओ आत शाबूत. चमू वायव्येला चालला, म्हणजे तळ मागे राहिल्याचं त्यांना उमगलं होतं. किती मागे, हे नाही.

आठ जण एकत्र जमले. बॉम्बार्डियर (बॉम्ब टाकणारा) वोराव्का आलाच नाही. त्याचं पॅराशूट नीट उघडलं नव्हतं. आठ जणांत अर्धी बाटली पाणी, रोज प्रत्येकी एक झाकण. तेवढ्यावर त्यांनी सुमारे १३० किमी कापले, हे माणसाच्या शरीराकडून अपेक्षितच नाही. सहवैमानिक टोनरच्या डायरीतली शेवटची नोंद १२ एप्रिलची. हॅटन, टोनर, हेज, लामॉट आणि ॲडम्स एकाच ठिकाणी राहिले; शेली, रिपस्लिंगर आणि मूर मदत शोधायला पुढं गेले.

ध्रुवमत्स्य:
शोध भूमध्य समुद्रावर झाला, कारण ३३० अंश म्हणजे समुद्र. तेलशोधकांना १९५८मध्ये विमान हवेतून दिसलं. आत एकही पॅराशूट नव्हतं, त्यावरून सगळे उड्या मारून बाहेर पडले हे ठरलं. १९५९च्या शोधपथकाला वाटेत बूट आणि दगड ठेवून दाबलेले पॅराशूटचे बाण मिळाले, माणसं नाहीत. पाच जणांचे अवशेष फेब्रुवारी १९६०मध्ये सापडले, शेली आणि रिपस्लिंगरचे मे महिन्यात आणखी उत्तरेला, वोराव्काचे ऑगस्टमध्ये. मूरचे अवशेष असे ओळख पटून कधीच मिळाले नाहीत.