मदत हवी आहे: मुलं विचार न करताच पर्याय दाबतात

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ एचफाइव्हपीमध्ये (प्रश्न-अभिप्राय असलेले संवादी पाठ बनवायचं साधन) बनवलाय. संगणक ६, मुलं ३१, नेट असून नसल्यासारखं; म्हणून लुमीतून (संगणकावर एचफाइव्हपी पाठ बनवायचा प्रोग्रॅम) नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडणारी एचटीएमएल फाइल काढून पेनड्राइव्हवर नेते.

अडचण अशी, की १/२ + १/३ ला बरीच मुलं २/५ निवडतात. 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' आलं की उरलेले पर्याय एकेक दाबत सुटतात. बरोबर लागला की टाळ्या! (तो आवाज मीच हौसेनं घातलाय.) प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय देता येतो, पण २/५ वाल्याला नेमकं काय लिहू? 'तुझं उत्तर १/२ पेक्षाही लहान आलं, असं कसं?' एवढं पुरेल, की आधी पट्ट्यांचं चित्र दाखवू? आणि माउस कायम एकाच्याच हातात राहतो, त्यावर कुणी काय केलंय?